शंभरातले एक्केचाळीस लिहू की शहाण्णव?

प्रिय ताई,

मी अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. आमच्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर लांब रजेवर गेल्या आणि हातांच्या स्वच्छतेचं ऑडिट माझ्या गळ्यात पडलं. मी फॉर्म घेऊन तिन्ही पाळ्यांत उभी राहिले आणि दिसलं ते लिहिलं. हात स्वच्छ करायला हवेत अशा ११२ वेळा आल्या, त्यातल्या ४६ वेळा ते केले गेले. म्हणजे ४१ टक्के. मागच्या तिमाहीचा रिपोर्ट काढला तर त्यात ९६ टक्के! इनचार्ज सिस्टरना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं, आपलीच लाज कशाला काढतेस? मागच्याएवढंच टाक." त्या वाईट नाहीत हो, मला काम त्यांनीच शिकवलंय.

दुसरं असं की आमचे सिनियर सर्जन राउंडला येतात तेव्हा एका बेडवरची जखम बघतात आणि तसेच पुढच्या बेडकडे जातात. त्यांचं बघून रेसिडेंटही तसंच करतात. सरांना कोण बोलणार?

आमचा विभाग दहा बेडचा, कायम भरलेला. हँडरबच्या, म्हणजे हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाच्या, बाटल्या दोन ठिकाणी आहेत, दाराशी आणि नर्सिंग स्टेशनवर. स्टोअरमधून महिन्याला अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्या येतात. मी रिपोर्टमध्ये काय लिहू? सरांना कसं सांगू? आणि एक बारीकशी गोष्ट. माझ्या स्वतःच्या हातांना भेगा पडल्यात, हँडरब लावला की आग होते. मग मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

– एक सिस्टर

*

सिस्टर,

४१ लिहा.

तुमच्या पत्रातला हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. उत्तर तुम्हालाही ठाऊक होतं, नाहीतर पत्र लिहिण्याऐवजी तुम्ही ९६ टाकून मोकळ्या झाला असतात. अवघड आहे ते पुढचं. ४१ लिहिल्यावर त्या आकड्याने कोणाचं नाक कापलं जाऊ नये आणि तरी त्याचा काही उपयोग व्हावा, हे कसं जमवायचं त्याबद्दल बोलू.

आधी लाजेचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेबद्दल जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात जगभरच्या हॉस्पिटलांमधली मोजणी एकत्र केली आहे. खास काही प्रयत्न सुरू करण्याआधीची सरासरी तिथे ४० टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे तुमचा वॉर्ड जगावेगळा वाईट नाही, जगासारखाच आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ हॉस्पिटलात डिडिए पिटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली २,८३४ संधी, म्हणजे हात स्वच्छ करायला हवेत अशा वेळा, मोजल्या तेव्हा ४८ टक्के आले होते. नर्सेस ५२ टक्के, डॉक्टर ३० टक्के. स्वित्झर्लंडमधलं हॉस्पिटल, पैशाला तोटा नाही, सिंकला पाणी आहे, साबण आहे, तरी ही गत. आणि अतिदक्षता विभागात, जिथे काळजी सगळ्यात जास्त घ्यायला हवी, तिथे आकडा सगळ्यात खाली. कारणही त्यांच्याच मोजणीत दिसलं. तासाभरात हात स्वच्छ करायच्या वेळा जितक्या जास्त, तितकं पालन कमी. हे आळसाचं लक्षण नव्हे. कामाच्या रेट्याखाली माणूस आधी काय सोडतो, ते त्यातून कळतं.

त्या लोकांनी ४८ कपाटात ठेवले नाहीत. प्रत्येक बेडपाशी हँडरब लावला, खिशात मावतील अशा बाटल्या दिल्या, भिंतींवर वॉर्डातल्याच लोकांनी ठरवलेली पोस्टरं लावली, ठरावीक काळाने मोजून आकडे परत वॉर्डाला दाखवले आणि हॉस्पिटलच्या वरिष्ठांनी उघडपणे पाठीशी उभं राहायचं कबूल केलं. १९९७ च्या अखेरीस पालन ६६ टक्क्यांवर गेलं. हॉस्पिटलात लागलेल्या संसर्गाचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. आता बघा, इतकी मोहीम, इतकी वर्षं, इतका पाठिंबा, आणि पोचले ६६ पर्यंत. म्हणून कोणी मला सहज ९६ सांगितलं की मी आधी त्या वॉर्डाचा स्टोअर इंडेंट, म्हणजे सामानाच्या मागणीचा कागद, मागते.

तुम्ही तर तो न मागता दिलात. हिशेब करू. दहा बेड, तीस दिवस, म्हणजे ३०० रुग्णदिवस. पाच बाटल्या म्हणजे अडीच लिटर. एका रुग्णाच्या वाट्याला दिवसाला आठ मिलिलिटरच्या आसपास हँडरब आला. एका वेळी साधारण तीन मिलिलिटर लागतो. म्हणजे चोवीस तासांत, तिन्ही पाळ्यांच्या सिस्टर, रेसिडेंट, सर्जन, फिजिओ, एक्स-रेवाला, ईसीजीवाला, मावशी, वॉर्डबॉय आणि भेटायला आलेले नातेवाईक या सगळ्यांनी मिळून एका रुग्णामागे तीन वेळासुद्धा हँडरब वापरला नाही. मधूनमधून कोणी सिंकवर साबणाने हात धुतले असतील, ते धरा. तरी ९६ टक्के या पाच बाटल्यांत मावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात १,००० रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर हा टप्पा धरलेला आहे. त्या हिशेबाने तुम्हाला महिन्याला सहा लिटर, म्हणजे बारा बाटल्या लागतील. आणि तोसुद्धा सबंध हॉस्पिटलचा टप्पा झाला. अतिदक्षता विभागाची गरज त्याहून कितीतरी जास्त.

हा कागद तुमच्या रिपोर्टला जोडा. खपाचा आकडा कोणाचं नाव घेत नाही आणि कोणाशी वादही घालत नाही.

एक कडू गोष्ट आत्ताच सांगते, पुढे धक्का नको. तुमचे ४१ सुद्धा थोडे फुगलेलेच असणार. फॉर्म घेऊन कोणी उभं आहे हे दिसलं की हात आपोआप बाटलीकडे जातात. कॅनडातल्या एका हॉस्पिटलात डिस्पेन्सर किती वेळा दाबला जातो हे यंत्राने मोजलं होतं. निरीक्षक नजरेच्या टप्प्यात असताना तो दाबला जाण्याचं प्रमाण निरीक्षक नसतानाच्या सुमारे तिप्पट निघालं. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणून लपून मोजायचं का? माझं मत विचाराल तर नाही. चोरून पाहणाऱ्या सिस्टरवर वॉर्ड पुन्हा विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हाला तिथेच ड्यूटी करायची आहे. उघड उभ्या राहा, दर वेळी वीसेक मिनिटंच थांबा, वेगवेगळ्या वेळी जा, रात्रपाळी सोडू नका. आकडा थोडा फुगलेला असेना, दर वेळी सारख्याच रीतीने घेतला की चढउतार तरी खरे कळतात. एका विभागाची आधीच्या काळाशी तुलना करायची तर दर फेरीला २०० संधी मोजाव्यात असा संकेत आहे. तुमच्या ११२ झाल्यात, उरलेल्या या महिन्यात पुऱ्या करा.

आता इनचार्ज सिस्टर. त्यांना लाज कोणाची वाटते, वॉर्डाची की मागच्या आकड्याखाली झालेल्या स्वतःच्या सहीची? बहुतेक दोन्ही. तेव्हा त्यांना माघार घ्यायला वाट ठेवा. रिपोर्टमध्ये मागच्या ९६ बद्दल अक्षरही लिहू नका. वर एवढंच लिहा की ही मोजणी पाच क्षणांच्या (हात स्वच्छ करायच्या पाच ठरलेल्या वेळांच्या) पद्धतीने, तिन्ही पाळ्यांत, प्रत्यक्ष निरीक्षणाने केली आहे आणि यापुढच्या तुलनेसाठी हीच पायाभूत धरावी. हे शब्दशः खरं आहे. मागची मोजणी कशी झाली होती हे ज्याला विचारायचं असेल तो विचारेल, ते ओझं तुमचं नाही. मग कागद घेऊन त्यांच्याकडे एकट्या जा. चहाच्या वेळेला चारचौघींत नको. "सिस्टर, हा आकडा दाखवून आपल्याला बेडपाशी बाटल्या मागता येतील, ९६ दाखवले तर कोण देईल?" असं विचारा. त्या बरीच वर्षं स्टोअरशी भांडत आल्या असतील. हे त्यांना लगेच पटेल.

तरीही त्यांनी ९६ चाच आग्रह धरला तर? तुमच्या सहीने खोटा आकडा जाऊ देऊ नका. "मी मोजलेलं लिहून देते, पुढचं तुम्ही आणि समिती ठरवा," असं म्हणा आणि तुमच्या निरीक्षणाचे फॉर्म जपून ठेवा. प्रत्येक बऱ्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल कमिटी असते. ऑडिट त्या कमिटीचं आहे. वॉर्डाचं नाही आणि तुमचंही नाही.

एकूण टक्केवारीपेक्षा मला तुमच्या फॉर्मच्या आतल्या रकान्यांत जास्त रस आहे. तुम्ही सोबत त्याची प्रत पाठवलीत हे फार चांगलं केलंत. रुग्णाला हात लावण्याआधीच्या ३४ संधी, त्यात हात स्वच्छ केले ६ वेळा. रक्त, लघवी, थुंकी अशा कशाशी संपर्क आल्यानंतरच्या १४ संधी, त्यात केले १२ वेळा. या दोन ओळींत तुमचा अख्खा वॉर्ड दिसतो. चिकट, ओलं, वास येणारं काही लागलं की माणूस हात धुतोच, त्याला ऑडिट लागत नाही. तो स्वतःसाठी धुतो. रुग्णापाशी जाताना मात्र हात कोरडे आणि साफ दिसत असतात, म्हणून ते स्वच्छच वाटतात. पण नुकताच त्यांनी दाराचा दांडा, फाइल, मोबाइल, की-बोर्ड हाताळलेला असतो. पाच क्षणांतले पहिले दोन, म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधी आणि सलाईनची लाईन, कॅथेटर, ड्रेसिंग अशा निर्जंतुक कामाआधी, हे रुग्णासाठी आहेत. उरलेल्या तिन्हींत, म्हणजे द्रवांशी संपर्कानंतर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या भोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, आपल्यालाही संरक्षण मिळतं. लोक नेमके रुग्णासाठीचेच चुकवतात.

भिंतीवर काय लिहायचं हेही यावरूनच ठरवा. अमेरिकेत ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन या संशोधकांनी हॉस्पिटलात साबण आणि जेलच्या डिस्पेन्सरवर दोन तऱ्हेचे फलक लावून पाहिले. एकावर होतं, हात स्वच्छ केल्याने तुम्हाला आजार लागत नाही. दुसऱ्यावर, हात स्वच्छ केल्याने रुग्णांना आजार लागत नाही. २०११ साली छापून आलेल्या या कामात रुग्णांचा उल्लेख असलेल्या फलकाने वापर वाढला, 'तुम्हाला'वाल्याने फरक पडला नाही. रोज संसर्गात वावरून आपल्याला काही होत नाही असं कर्मचाऱ्याला मनातून वाटू लागलेलं असतं. समोरच्या बेडवरच्या माणसाबद्दल तसं वाटत नाही. तुमच्या वॉर्डातला तो कार्टूनवाला, हसरे जंतू काढलेला फलक काढून टाका. तसा फलक आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण असणारच. सगळीकडे असतो.

ग्लोव्हजबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारते. मोजताना ग्लोव्हज घातलेले हात तुम्ही सोडून दिलेत का? बरेच जण सोडतात. एखादी पाळी नीट उभं राहून बघा. ग्लोव्हज घातले, युरिन बॅग रिकामी केली, त्याच हातांनी बेडची कड वर ओढली, मॉनिटरचा अलार्म बंद केला, सलाईनचा रोलर फिरवला आणि मग तोच अंगठा आणि तर्जनी आयव्ही लाईनच्या पोर्टवर. कर्मचारी सुरक्षित, रुग्णाच्या शिरेत मात्र युरिन बॅगेवरचे जंतू जायची सोय. ग्लोव्हज घातले की हात स्वच्छ करण्याचं प्रमाण घटतं, हे मोजून दाखवलेलं आहे. शिवाय ग्लोव्हजना सूक्ष्म भोकं असू शकतात आणि ते काढताना हात माखतात. तेव्हा ग्लोव्हज घालण्याआधी हात, काढल्यावर पुन्हा हात, आणि एका रुग्णावर वापरलेले दुसऱ्याकडे न्यायचे नाहीत. एकाच रुग्णावरसुद्धा घाण कामाकडून स्वच्छ कामाकडे जाताना ते बदलायचे. ग्लोव्हजवरच हँडरब चोळणारे महाभागही सापडतील. त्यांना प्रेमाने थांबवा.

मग बाटल्यांची जागा. तुमच्या सगळ्या पत्रात मला खटकलेलं वाक्य सर्जनबद्दलचं नाही. "दाराशी आणि नर्सिंग स्टेशनवर" हे आहे. अतिदक्षता विभागात एका रुग्णाच्या सेवेत तासाला वीस संधी सहज येतात. साबण आणि पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. वीस वेळा धरा, तासातली तेरा ते वीस मिनिटं नुसती सिंकपाशी गेली, जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात, म्हणजे सात ते दहा मिनिटं, आणि ती बेडपाशी उभं राहून, पुढचं काय करायचं याचा विचार करता करता. पण बाटली दाराशी असेल तर हँडरबचा हा फायदाच संपतो. पाचव्या बेडवरच्या रुग्णाचं सक्शन करायच्या आधी कोणी दारापर्यंत चालत जाणार नाही. तुम्हीही जाणार नाही. प्रत्येक बेडपाशी हाताच्या अंतरावर एक बाटली, ड्रेसिंग ट्रॉलीवर एक, पोर्टेबल एक्स-रेच्या मशीनवर एक. लोकांना सुधारायच्या आधी हे करा. बाटल्या लागल्यावर महिनाभराने पुन्हा मोजा, मग कोणाला काय सांगायचं ते ठरेल. भाषणं त्याआधी देऊन उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे. हात स्वच्छतेच्या दिवशी फुगे लावून शपथ घेणाऱ्या आणि बेडपाशी बाटली नसलेल्या वॉर्डांबद्दल मी आणखी काही लिहीत नाही.

एक अपवाद सगळ्यांना पाठ असू द्या. हात डोळ्यांना दिसेल असे माखले असतील, किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल (आधीचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जंतूचा जुलाब असेल, तर साबण आणि पाणीच. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते चोळून आणि वाहत्या पाण्याने धुऊन घालवावे लागतात.

आता तुमचे सर.

इथे इतिहासातली एक गोष्ट आठवते, फक्त तिची जी बाजू सहसा सांगत नाहीत ती. इग्नाझ सेमेलवाइस व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात प्रसूती विभागात होते. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी मे १८४७ च्या मध्यावर क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आलं. आकडे त्यांच्या बाजूने होते, तरी वरिष्ठांनी ऐकलं नाही. हे सगळे सांगतात. पण पुढे १८६० च्या दशकात त्यांनी युरोपातल्या नामवंत प्रसूतितज्ज्ञांना खुली पत्रं लिहिली, आणि त्यांत त्यांना चक्क खुनी म्हटलं. म्हणणं खरं होतं का? बऱ्याच अंशी होतं. त्या पत्रांनी किती जणांचे हात धुतले गेले? १८६५ मध्ये ते वेड्यांच्या इस्पितळात वारले, तेही जखम चिघळून रक्तात विष पसरल्यामुळे.

खरं बोलणं आणि समोरच्याने ते अमलात आणणं, या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत. तुम्हाला दुसरी हवी आहे.

त्यामुळे सरांना राउंडमध्ये, रेसिडेंट आणि नातेवाईकांसमोर अडवू नका. "सर, तुम्ही हात नाही धुतले" हे वाक्य कितीही नम्रपणे म्हटलं तरी आरोपच असतो. त्याऐवजी राउंडची रचना बदला. राउंडबरोबर फिरणाऱ्या सिस्टरच्या हातात फाइलींसोबत हँडरबची बाटली द्या. प्रत्येक बेडच्या पायथ्याशी थांबल्यावर तिने आधी स्वतःच्या हातावर घ्यायचं आणि बाटली पुढे करायची, "सर, हँडरब." बस्स. दोन शब्द. मग रेसिडेंटकडे, मग इंटर्नकडे, सगळ्यांना तसंच. पुढे आलेल्या बाटलीखाली हात धरणं हे नाही म्हणण्यापेक्षा सोपं असतं. नुसत्या सरांपुढे बाटली केलीत तर तो टोमणा होईल. सगळ्यांपुढे केलीत तर ती वॉर्डाची रीत होते.

पहिल्या राउंडच्या आदल्या दिवशी मात्र कोणीतरी सरांशी बोलायला हवं. ते कोणीतरी म्हणजे तुम्ही नव्हे. तुमच्या नोकरीची वर्षं आणि त्यांचं वजन यांचा मेळ बसत नाही, आणि हे ओझं सगळ्यात धाकट्या माणसाच्या खांद्यावर टाकणं अन्याय आहे. इनचार्ज सिस्टर आणि कमिटीतले एखादे डॉक्टर, शक्यतो मायक्रोबायोलॉजीचे, असे दोघं जाऊ देत. त्यांनी सरांचा वैयक्तिक आकडा नेऊ नये, वॉर्डाचा न्यावा. ऑडिटमध्ये नावं लिहायचीच नसतात, फक्त नर्स, डॉक्टर, इतर अशी वर्गवारी असते, हे तुम्ही पाळलंत ना? आणि तक्रार नको, मागणं हवं. "सर, रेसिडेंट तुमच्याकडे बघून शिकतात. राउंडला पहिला पंप तुम्ही दाबलात तर बाकीच्यांना आम्हाला सांगावं लागणार नाही." ही खुशामत नाही. वरिष्ठ माणसाने हात स्वच्छ केले नाहीत तर त्याच खोलीतले बाकीचेही कमी वेळा करतात, हे प्रत्यक्ष निरीक्षण करून दाखवलेलं आहे. तुमच्या पत्रातला "त्यांचं बघून रेसिडेंटही तसंच करतात" हा भाग त्याचाच पुरावा.

काही सर्जन यावर म्हणतील, मी तर जखमेला हातच लावत नाही, नुसतं बघतो. मग गॉज कोण उचलतं, चादर कोण सरकवतं, ड्रेनची बाटली कोण हलवून बघतं, हे एकदा तुमच्या फॉर्मवर टिपून ठेवा. रुग्णाच्या भोवतीच्या वस्तूंना हात लागला तरी तो पाचवा क्षण आहेच. हा मुद्दा डॉक्टरांनी डॉक्टरांना सांगू दे.

"तुमच्या डॉक्टरांना हात धुतले का ते विचारा," असे बिल्ले रुग्णांना लावायची टूम कोणी काढली तर माझ्या वतीने विरोध नोंदवा. नाकात नळी घातलेल्या माणसाने सर्जनला टोकायचं? आपल्याला जमत नाही ते त्याच्यावर ढकलू नये.

रीत बसली तरी कधीतरी नेमका धोक्याचा प्रसंग येतो. सर तसेच सेंट्रल लाईनकडे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीकडे, हात नेताहेत, बाटली कोणाच्याच हातात नाही. तेव्हा मान राखत बसायचं नाही. "सर, थांबा, ग्लोव्हज आणि हँडरब देते," असं म्हणत हात पुढे करायचा. देते म्हणताना तुम्ही मदतीला आलेल्या असता. त्यावरून कोणी आवाज चढवला तर त्याच दिवशी इनचार्जना लेखी कळवा. त्यानंतर पुढचं त्यांनी बघायचं.

आता भेगा, ज्यांना तुम्ही बारीकशी गोष्ट म्हणता. ती बारीक नाही. भेगाळलेल्या कातडीवर जंतू जास्त काळ टिकतात, हात दुखतात म्हणून माणूस ते स्वच्छ करायचं टाळतो, आणि तुमच्या वॉर्डात असे हात फक्त तुमचेच असतील असं मला वाटत नाही. हँडरब लावल्यावर आग होते म्हणून दोष हँडरबला जातो. पण बहुतेक वेळा कातडी आधीच साबणाने, गरम पाण्याने आणि खरखरीत टॉवेलने फाटलेली असते. अल्कोहोल फक्त ते दाखवून देतं. चांगल्या हँडरबमध्ये ग्लिसरीन असतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ते १.४५ टक्के आहे. सारखं साबणाने धुण्यापेक्षा असा हँडरब कातडीला सौम्य पडतो.

तुम्ही साबणाने धुऊन वर लगेच हँडरबही लावता का? ते बंद करा, एका वेळी एकच. पाणी गरम नको. हात रगडून पुसू नका, टिपा. हँडरब कोरड्या हातावरच घ्या आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय ग्लोव्हज घालू नका, आत ओल कोंडली की कातडी आणखी सोलवटते. पावडरवाले ग्लोव्हज असतील तर बिनपावडरचे मागा. अंगठी आणि घड्याळ ड्यूटीवर काढून ठेवा, त्यांच्याखाली साबणही अडकतो आणि जंतूही. पाळी संपल्यावर आणि झोपताना हातांना भरपूर क्रीम लावा. ड्यूटीवर लावायचं असेल तर ग्लोव्हजना चालणारं असावं. पेट्रोलियम जेली लेटेक्स कमकुवत करते. भेगांतून पाणी किंवा रक्त येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत रुग्णाला थेट हात लावायचं काम घेऊ नका. हे रजा मागण्याचं निमित्त नाही, नियमच आहे.

आणि रिपोर्टच्या शेवटी, बाटल्यांच्या हिशेबाखाली, अजून एक ओळ घाला. वॉर्डातल्या किती जणांच्या हातांना भेगा आहेत ती संख्या, आणि हँडरबचे दोन-तीन वेगळे नमुने वापरून बघायला मिळावेत ही मागणी. कोणता ठेवायचा ते स्टोअरने ठरवू नये. रोज वीस-वीस वेळा तो चोळणाऱ्या सिस्टर आणि मावशींना ठरवू द्या.